कर्म, दैव आणि दुसऱ्याचे दुःख : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकातील टिपणात मी असे म्हटले होते की कर्मसिद्धांत आणि दैववाद या एकच गोष्टी नाहीत, किंबहुना कर्मसिद्धांत हे दैववादाला दिलेले उत्तर आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींनी या विधानाचे स्वागत केले, काहींनी त्याला स्पष्ट हरकत घेतली आणि एका मातेच्या पत्राने मला बराच काळ स्वस्थ बसू दिले नाही. सर्व पत्रांना जागा देणे शक्य नसल्याने ज्यांत मूळ मुद्दा निरनिराळ्या बाजूंनी आला आहे अशी पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : कर्मसिद्धांत म्हणतो की आजचे सुखदुःख पूर्वकर्माने ठरते आणि दैववाद म्हणतो की ते दैवाने ठरते. दोन्हींच्या मते ते आधीच ठरलेले असते. मग या दोहोंना परस्परविरोधी म्हणणे हा शब्दच्छल नाही का?

उत्तर : असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण बोलताना आपण ‘त्याचे कर्म’, ‘त्याचे नशीब’, ‘प्राक्तन’, ‘विधिलिखित’ हे शब्द एकाच श्वासात आणि जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. परंतु ज्या काळात या कल्पनांना आकार आला त्या काळात त्यांचे पुरस्कर्ते एकमेकांचे कडवे प्रतिपक्षी होते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगाचे कारण कोणते याचा विचार करताना काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, भूते आणि पुरुष असे पर्याय एकामागून एक ठेवलेले आहेत. सर्व काही अटळपणे ठरलेले आहे असे मानणारा नियतीचा पक्ष आणि सर्व काही योगायोगाने घडते असे मानणारा यदृच्छेचा पक्ष हे दोन्ही त्या काळी गांभीर्याने मांडले जाणारे स्वतंत्र पक्ष होते, एवढे त्यावरून दिसते.

नियतीचा पक्ष सर्वांत ठामपणे मांडला तो आजीवक संप्रदायाच्या मक्खली गोशालाने. तो बुद्ध आणि महावीर यांचा समकालीन होता. आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत आणि त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आले आहे, ही मर्यादा ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागते. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील सामञ्ञफल सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश किंवा संवाद) त्याचे मत असे दिले आहे की प्राण्यांच्या अशुद्धीला किंवा शुद्धीला कोणतेही कारण नसते. मनुष्याच्या बळाला, पराक्रमाला काही अर्थ नसतो. चौऱ्याऐंशी लाख महाकल्पांचा फेरा मूर्खाला आणि शहाण्याला सारखाच पुरा करावा लागतो. आणि फेकलेला सुताचा गुंडा सूत संपेपर्यंत उलगडत जावा तसा हा संसार आपल्या आपण संपतो. व्रताने, तपाने किंवा शीलाने त्यात तसूभरही फरक पडत नाही. येथे कर्माला जागाच उरत नाही, आणि म्हणूनच बुद्धाने या मताची गणना सर्वांत घातक मतांत केली.

जैन आगमांपैकी, म्हणजे जैनांच्या प्रमाण धर्मग्रंथांपैकी, उवासगदसाओ या ग्रंथात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे, आणि या प्रश्नावर इतका नेमका संवाद मला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे. सद्दालपुत्त हा आजीवकांचा अनुयायी. महावीर त्याला विचारतात की ही मडकी प्रयत्नाने घडली की प्रयत्नाविना. आपल्या मताला जागून तो म्हणतो की प्रयत्नाविना, कारण सर्व काही नियत आहे. त्यावर महावीर विचारतात की कोणी तुझी ही मडकी चोरली, फोडली किंवा तुझ्या पत्नीशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? मी त्याला शिक्षा करीन, मारीन, असे तो उत्तरतो. जर प्रयत्न म्हणून काही नसेलच आणि सर्व नियत असेल, तर त्या माणसाचा अपराध कोणता, असे महावीर त्याला विचारतात आणि सद्दालपुत्ताला आपल्या मतातील विसंगती उमगते. दुसऱ्याला दोष देताना आपण सगळेच त्याला कर्ता मानतो. हे कर्तेपण स्वतःच्या बाबतीतही मान्य करणे, हा कर्मसिद्धांताचा आरंभ आहे.

तरीही आपल्या हरकतीत तथ्याचा एक भाग आहे, आणि तो बुद्धानेच मान्य केला आहे. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथातील एका सुत्तात तो तीन मते एका रांगेत बसवतो : जे काही अनुभवास येते ते सगळे पूर्वकर्मामुळे, ते सगळे ईश्वराच्या निर्मितीमुळे, आणि ते सगळे विनाकारण. तिन्ही मतांचा शेवट एकच होतो, असे तो म्हणतो, कारण तिन्ही मते मानणाऱ्याला ‘हे करावे, हे करू नये’ असे म्हणण्याचा आधार राहत नाही. म्हणजे पूर्वकर्माचे तत्त्व जर ‘सगळे’ या शब्दासह स्वीकारले, तर ते दैववादच होते. कर्मसिद्धांत मानणाऱ्या पुष्कळ घरांत आज प्रत्यक्षात हाच दैववाद नांदतो, हे कबूल केले पाहिजे.

प्रश्न : मी पदवीचा विद्यार्थी आहे. परीक्षेत उत्तीर्ण होणे माझ्या नशिबात असेल तर मी अभ्यास न करताही होईन, आणि नसेल तर अभ्यास करूनही होणार नाही. या युक्तिवादात चूक कोठे आहे?

उत्तर : हा युक्तिवाद फार जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ त्याला ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत, आणि त्यांचे उदाहरण रोग्याचे होते : बरे होणे दैवात असेल तर वैद्याला बोलावले काय किंवा न बोलावले काय, सारखेच. स्टोइक पंथाचा क्रिसिपस हा इ.स.पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत स्वतः दैव मानणारा होता, तरीही त्याने हा युक्तिवाद फेटाळला. रोमन लेखक सिसेरोने नोंदवल्याप्रमाणे त्याचे उत्तर असे की काही घटना एकट्या ठरलेल्या नसतात, त्या आपल्या कारणांसह जोडून ठरलेल्या असतात. बरे होणे ठरलेले असेल, तर वैद्याला बोलावणेही त्यासोबत ठरलेले असेल. आपल्या युक्तिवादातील चूक ही की त्यात फळ ठरलेले मानले आहे आणि त्या फळाकडे नेणारी वाट मात्र मोकळी सोडली आहे. म्हणून संपूर्ण नियती मानली तरीही अभ्यास सोडण्याचे समर्थन तिच्यातून निघत नाही.

मात्र क्रिसिपसचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते आळसाचा युक्तिवाद मोडते, पण अभ्यास करणे किंवा न करणे हे खरोखर आपल्या हाती आहे की नाही, याचे समाधानकारक उत्तर देत नाही. त्यासाठी पुढील पत्राकडे वळावे लागेल.

प्रश्न : संचित (साठलेले), प्रारब्ध (ज्याचे फळ भोगणे सुरू झाले आहे ते) आणि क्रियमाण (आता केले जात असलेले) असे कर्माचे तीन प्रकार सांगतात. प्रारब्ध भोगल्याखेरीज संपत नाही. माझी बुद्धी, माझा स्वभाव, माझ्या इच्छा हेही प्रारब्धानेच मिळाले असतील, तर नवे कर्म करण्याचे स्वातंत्र्य माझ्यापाशी कोठून येते?

उत्तर : आपण प्रश्न अगदी मुळाशी नेला आहे. कर्मसिद्धांतासमोरची सर्वांत कठीण अडचण हीच आहे, आणि लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे एक संपूर्ण प्रकरण तिच्यासाठी दिले आहे. टिळकांना ही त्रिविध विभागणी मान्य नव्हती. ज्याचे फळ भोगण्यास सुरुवात झाली आहे ते आणि ज्याची सुरुवात झालेली नाही ते, असे दोनच भेद ब्रह्मसूत्रांना, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथाला, धरून आहेत असे त्यांचे मत होते. स्वातंत्र्याचा आधार त्यांनी आत्म्याच्या स्वरूपात शोधला : देह आणि बुद्धी कर्माच्या साखळीत बांधलेली असली तरी आत्मा त्या साखळीबाहेरचा आहे, आणि त्याची प्रेरणा बुद्धीपर्यंत पोहोचू शकते. हे उत्तर वेदान्ताची बैठक मान्य असणाऱ्याला पटेल. ज्याला ती मान्य नाही त्याच्यासाठी दुसरी वाट पाहिली पाहिजे.

पतंजलींच्या योगसूत्रांत कर्माशयाच्या, म्हणजे साठलेल्या कर्मसंस्कारांच्या, विपाकाची (फळाची) तीन रूपे सांगितली आहेत : जाती, आयुष्य आणि भोग. कोणत्या योनीत जन्म, किती आयुष्य आणि कोणते सुखदुःखाचे अनुभव, एवढ्यापुरता हा विपाक आहे. त्या अनुभवाला मी कसा सामोरा जाईन, याचा त्या यादीत समावेश नाही; आणि थोड्याच अंतरावर ‘हेयं दुःखमनागतम्’ हे सूत्र येते, म्हणजे जे दुःख अजून आलेले नाही ते टाळण्याजोगे आहे. पूर्वसंस्कारांचा ओढा मनावर असतो हे योगशास्त्र नाकारत नाही, पण तो ओढा म्हणजे हुकूम नव्हे, असे मानल्याशिवाय साधनेचे एक पाऊलही पुढे पडू शकत नाही. योगवासिष्ठ तर याहून धीट आहे. त्याच्या मते दैव नावाची वेगळी शक्तीच नाही. पूर्वीचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न यांची झुंज चाललेली असते, आणि त्यांत जो दुबळा तो हरतो.

मला स्वतःला सर्वांत समतोल विवेचन वाटते ते चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचे, आणि ते वैद्यकाच्या ग्रंथात यावे हे मला अर्थपूर्ण वाटते, कारण ज्याच्यासमोर रोगी पडलेला आहे त्याला हा प्रश्न केवळ चर्चेपुरता ठेवता येत नाही. शिष्य अग्निवेश आपले गुरू आत्रेय यांना विचारतो की प्रत्येकाचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेय म्हणतात की आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोन्हींवर अवलंबून असते. पूर्वदेहात स्वतः केलेले कर्म म्हणजे दैव, आणि या देहात केले जाते ते पुरुषकार. दोन्हींचे बळ कमीअधिक असू शकते. दुबळे दैव पुरुषकाराने मागे सारता येते, आणि प्रबळ दैव दुबळ्या प्रयत्नाला निष्फळ करते. सर्वांचे आयुष्य जर ठरलेलेच असते तर औषधे, पथ्ये, शांतिकर्मे यांचे कोणाला काय प्रयोजन उरले असते, आणि मदोन्मत्त हत्ती, कडे, वेगवान प्रवाह यांपासून दूर राहण्याची गरज कोणाला भासली असती, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. गाडीचा आस उत्तम असेल आणि नीट वापरला जाईल तर तो आपल्या मुदतीपर्यंत टिकतो. तोच आस अतिभाराने, वाईट रस्त्याने, हाकणाऱ्याच्या चुकीने किंवा वंगण न घातल्याने वाटेतच मोडतो. अकाली मृत्यू असा येतो, असे आत्रेय सांगतात.

या विवेचनात स्वातंत्र्य संपूर्ण नाही आणि शून्यही नाही, आणि माणसाचा प्रत्यक्ष अनुभव यापेक्षा वेगळा नाही. आपली बुद्धी आणि स्वभाव आपण निवडलेले नाहीत, हे खरे. पण त्याच स्वभावाच्या दोन माणसांपैकी एक आपला संताप ओळखायला शिकतो आणि दुसरा शिकत नाही, हेही आपण पाहतो. जैन कर्मशास्त्राने तर याची तपशीलवार मांडणी केली आहे : बांधलेल्या कर्माची मुदत आणि तीव्रता कमी होऊ शकते, एका उपप्रकाराचे दुसऱ्यात संक्रमण होऊ शकते, तपाने ते वेळेआधी उदयास आणून झिजवता येते, केवळ ‘निकाचित’ म्हणून ओळखले जाणारे घट्ट कर्म भोगावेच लागते. ही तपशिलाची शास्त्रीयता आज कोणाला पटो वा न पटो, तिच्यामागची जाणीव मोलाची आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला जन्मतःच स्नायूंचा आजार आहे. नातेवाईक मला सांगतात की हे मागील जन्मीचे फेडणे आहे, त्याचे किंवा माझे. कोणी वाईट हेतूने म्हणत नाही, पण प्रत्येक वेळी माझ्या मनात तोच प्रश्न उठतो की मी असे काय केले होते. आपला कर्मसिद्धांत मला काय सांगतो?

उत्तर : ताई, आधी जे निश्चित आहे ते सांगतो. अशा अनेक आजारांचे कारण जनुकांतील बदल हे असते. कधी तो बदल पिढीजात येतो, कधी तो त्याच मुलात नव्याने घडतो, आणि कोणाच्या चांगल्या-वाईट वागण्याशी त्याचा संबंध नसतो. आपण काही केलेले नाही. आपल्या मुलानेही नाही.

आता कर्मसिद्धांताविषयी. आपले नातेवाईक जे सांगतात ते शास्त्र आहे अशी त्यांची समजूत असेल, म्हणून त्याच परंपरेतील आधार देऊन लिहितो. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळे होते, असे काही लोक म्हणतात, त्यावर आपले मत काय? बुद्ध सांगतो की काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिघांच्या एकत्र येण्याने, काही ऋतुबदलाने, काही विषम आहारविहाराने, काही अकस्मात आघाताने आणि काही कर्माच्या विपाकाने. आठ कारणांत कर्म हे एक. सगळे पूर्वकर्मामुळे होते असे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धाव घेतात, असेही तो स्पष्ट म्हणतो. अन्यत्र त्याने कर्मविपाकाची गणना अचिंत्य गोष्टींत केली आहे, म्हणजे ज्यांचा माग काढू लागल्यास माणसाच्या हाती केवळ भ्रम आणि त्रास लागतो अशा गोष्टींत. गीतेनेही ‘गहना कर्मणो गतिः’ असेच म्हटले आहे. जी गती गहन आहे असे शास्त्रच सांगते, ती आपल्या मुलाकडे पाहून ओळखता येते असे समजणाऱ्याने शास्त्राच्या नावाने बोलू नये.

महाभारताच्या अनुशासनपर्वाच्या अगदी सुरुवातीला गौतमी नावाच्या वृद्धेची कथा आहे. तिचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा व्याध त्या सर्पाला बांधून आणतो आणि त्याला कसे मारू असे तिला विचारतो. सर्प म्हणतो की मला मृत्यूने पाठवले. मृत्यू येऊन म्हणतो की मला कालाने प्रेरित केले. आणि काल येऊन म्हणतो की आम्हांपैकी कोणीही कारण नाही, या मुलाचे कर्मच कारण आहे. गौतमी ते मान्य करते, त्यात आपलेही कर्म होते असे म्हणते आणि सर्पाला सोडून द्यायला सांगते. आपल्या नातेवाइकांना ही कथा ठाऊक असेल तर ती ते आपल्यापुढे ठेवतीलही, कारण वरवर पाहता ती त्यांच्याच बाजूची आहे. पण ती नीट वाचली पाहिजे. कर्माचे तत्त्व तेथे शोक करणारी माता स्वतः, स्वतःसाठी, स्वीकारते, आणि त्याच्या आधारे एका जिवाचा वध थांबवते. भीष्म ती कथा युधिष्ठिराला सांगतात ती त्याचा पश्चात्ताप हलका करण्यासाठी. दाराशी येऊन ‘हे तुझ्या कर्माचे फळ’ असे तिला सांगणारे कोणी त्या कथेत नाही.

माझे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे. कर्माचा विचार प्रथमपुरुषी आहे. ‘मी जे करीन त्याचे परिणाम माझ्यावर येतील, म्हणून मी काय करावे’ असा प्रश्न विचारण्यासाठी तो उपयोगी पडतो. ‘त्याने काय केले होते म्हणून त्याला हे भोगावे लागले’ असा प्रश्न विचारण्यासाठी तो वापरला की त्याचे स्वरूपच पालटते, कारण आता त्यातून कोणतेही कर्तव्य निघत नाही, केवळ निवाडा निघतो. निवाडा करणाऱ्याला त्याने दिलासा मिळतो, हेही मी समजू शकतो. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका व्यक्तीला विजेचे धक्के बसत आहेत असा देखावा निर्माण केला होता. पाहणाऱ्यांना तिची सुटका करता येत नव्हती आणि तिचा छळ चालूच राहणार असे जेव्हा वाटले, तेव्हा त्यांनी त्या निरपराध व्यक्तीलाच कमी लेखले. जग न्याय्य आहे हा विश्वास टिकवण्यासाठी माणूस पीडितात दोष शोधतो, असा लर्नर यांचा निष्कर्ष होता. आपले नातेवाईक घाबरलेले आहेत, ताई. असे दुःख विनाकारण आपल्याही घरी येऊ शकते ही भीती त्यांना सहन होत नाही. त्यांना क्षमा करणे किंवा न करणे आपल्या मनावर आहे. पण त्यांच्या वाक्यांना शास्त्रवचन समजून ती मनात ठेवून घेऊ नका. आणि कर्म या शब्दाचा जो अर्थ आज निःसंशय लागू पडतो तो असा की आपण त्या मुलाचे रोज जे करता, तेच कर्म आहे.

प्रश्न : आपण कर्मसिद्धांताची उजळ बाजूच दाखवता. हजारो वर्षे खालच्या मानलेल्या जातींना त्यांची स्थिती पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे सांगण्यात आले. हा सिद्धांत मुळातच विषमतेसाठी रचला गेला, असे आपण का म्हणत नाही?

उत्तर : आपल्या पत्रातील राग योग्य आहे, आणि त्याला वळसा घालून उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा वापर नंतरच्या काळात कोणी बाहेरून लादला असेही म्हणता येत नाही. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात चांगल्या आचरणाच्या लोकांना ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी मिळते, आणि निंद्य आचरणाच्या लोकांना कुत्र्याची, डुकराची किंवा चांडाळाची योनी मिळते, असे वचन आहे. माणसांचा एक वर्ग तेथे पशूंच्या पंगतीत बसवला आहे. हे वचन वाचून ज्याला यातना होत नाहीत, त्याने उपनिषदे केवळ पाठ केली आहेत असे मी म्हणेन.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. पूर्वजन्मीचे कर्म आजची स्थिती ठरवते हे मत बुद्धाचे असूच शकत नाही, असे ते म्हणतात, आणि अशा मताचा एकच उपयोग त्यांना दिसतो : गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीच्या जबाबदारीतून राज्याला आणि समाजाला मोकळे करणे. कर्माचा नियम त्यांनी नाकारला नाही; कुशल कर्माने नैतिक व्यवस्था टिकते आणि अकुशल कर्माने ती बिघडते, असा त्याचा अर्थ त्यांनी या जन्मापुरता आणि समाजाच्या पातळीवर लावला. बौद्ध परंपरेचे अनेक अभ्यासक त्यांच्याशी सहमत नाहीत, कारण पाली ग्रंथांत पुनर्जन्माचे आणि पूर्वकर्माचे उल्लेख विपुल आहेत. ऐतिहासिक प्रश्न म्हणून तो वाद चालू राहील. नैतिक प्रश्न म्हणून मात्र बाबासाहेबांचा आक्षेप मला निर्णायक वाटतो. ज्या अन्यायाचे कर्ते आज हयात आहेत आणि डोळ्यांसमोर आहेत, त्याचे कारण पीडिताच्या अदृश्य भूतकाळात शोधणे म्हणजे कर्त्यांना त्यांच्या कर्मापासून सोडवणे होय. कर्मसिद्धांताच्या दृष्टीने याहून मोठी विपरीतता संभवत नाही.

हा सिद्धांत मुळातच त्यासाठी रचला गेला, हे मात्र मी म्हणणार नाही. वर्णव्यवस्थेला मान न देणाऱ्या बौद्ध आणि जैन परंपरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि माणूस जन्माने नव्हे तर कर्माने श्रेष्ठ ठरतो असे म्हणण्यासाठी त्यांनी तोच आधार घेतला. एकच विचार दोन्ही बाजूंनी वापरला गेला. चरकसंहितेच्या ज्या अध्यायाचा वर उल्लेख केला, तो वस्तुतः साथीच्या रोगांविषयीचा आहे. वेगवेगळ्या प्रकृतीची, वयाची आणि आहाराची माणसे एकाच वेळी कशी मरतात, या प्रश्नाला तेथे उत्तर आहे की वायू, जल, देश आणि काल या सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी बिघडतात, आणि त्यामागे अधर्म असतो, ज्याचा आरंभ राज्यकर्त्यांपासून होतो. येथे दोष मरणाऱ्याच्या पदरी बांधलेला नाही, तो सत्ताधाऱ्यांपर्यंत नेलेला आहे. परंपरेतील हा धागा पुढच्या पिढ्यांनी जितका जपायला हवा होता तितका जपला नाही.

प्रश्न : कर्माचे फळ देतो कोण? कर्म तर केल्याक्षणी संपते.

उत्तर : या प्रश्नावर भारतीय दर्शनांत कधीच एकमत झाले नाही. वेदातील यज्ञकर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी म्हटले की कर्मातून ‘अपूर्व’ नावाची शक्ती निर्माण होते आणि ती फळ मिळेपर्यंत टिकते. फळ देणाऱ्या ईश्वराची त्यांना गरज वाटली नाही. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, अशी अचेतन शक्ती आपोआप योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचेल हे पटले नाही, म्हणून त्यांनी ‘अदृष्ट’, म्हणजे कर्मातून उरणारा न दिसणारा पुण्यपापाचा संस्कार, मानले आणि त्यावर ईश्वराचे नियंत्रण मानले. ब्रह्मसूत्रांत मीमांसेचे आचार्य जैमिनी यांचे मत उद्धृत करून सूत्रकार बादरायणांनी फळ ईश्वराकडून मिळते असा पक्ष घेतला आहे. पण ईश्वर मग कोणाला सुख, कोणाला दुःख देऊन पक्षपात का करतो, असा प्रश्न उभा राहताच तो प्राण्यांच्या कर्माची अपेक्षा ठेवूनच फळ देतो, असे उत्तर दिले आहे. जैनांनी कर्मालाच जीवाला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य मानले, त्यामुळे मध्यस्थाचा प्रश्नच उरला नाही. बुद्धाने चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले. त्यामुळे अजाणता पायाखाली किडा चिरडला गेला तर जैन विचारात प्रमादाचा, म्हणजे बेसावधपणाचा, कर्मबंध पडू शकतो आणि बौद्ध विचारात हिंसेचे कर्म घडत नाही. व्यवहारात या भेदाचे परिणाम पुष्कळ दूरवर जातात. फळ देणारा कोण हे ठरवल्यावाचून आचरण अडत नाही, असे मला वाटते, परंतु हेतूला किती वजन द्यायचे हे ठरवल्यावाचून मात्र ते अडते.

प्रश्न : ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ असे तुकाराम महाराज सांगतात. हा दैववाद नव्हे का?

उत्तर : त्याच ओळीच्या पुढे ‘चित्ती असो द्यावे समाधान’ आहे, आणि ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ हेही त्यांचेच वचन आहे. दोन्ही वचने एका माणसाच्या आयुष्यात एकत्र कशी नांदतात हे पाहायचे असेल तर त्यांच्या चरित्राकडे पाहावे. दुष्काळात घरची माणसे आणि धंदा गेला. जे गेले ते त्यांनी परत मागितले नाही. परंतु त्यांना अभंग रचण्याचा अधिकार नाही असे सांगून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असे परंपरा सांगते, तेव्हा ‘अनंताने असेच ठेवले’ म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. जे हातातून गेले त्याविषयी समाधान आणि जे हातात आहे त्याविषयी सायास, असा त्यांचा विवेक होता, आणि दैववादी माणसाला हा फरक करता येत नाही.